लक्ष्मीबाईंचं पाणी

मराठीतल्या उत्तम आत्मचरित्रांची कुठलीही यादी काढा, 'स्मृतिचित्रे' त्यात असणारच. लक्ष्मीबाई टिळकांचं हे पुस्तक १९३४ ते १९३६ या काळात चार भागांत आलं आणि तेव्हापासून ते वाचकांच्या हातून सुटलेलं नाही. ज्यांनी ते वाचलंय त्यांना विचारा, काय आठवतं? उत्तरं ठरलेली असतात. टिळकांचा विसरभोळेपणा. हातातले पैसे कुणालातरी देऊन रिकाम्या हातानं घरी येणं. हसू आणि रडू यांच्यात अंतरच नसलेली बाई. फारसं शिक्षण नसतानाही लखलखीत, बोलकी मराठी.

हे सगळं खरं आहे. पण या उत्तरांत एक शब्द सहसा येत नाही: ख्रिस्त. या पुस्तकात नवरा धर्म बदलतो आणि त्यापायी संसार काही वर्षं मोडून पडतो. बायको रडत, भांडत, विचार करत शेवटी स्वतः बाप्तिस्मा घेते आणि पुढची पस्तीसेक वर्षं ख्रिस्ती म्हणून जगते. आणि आपण ते लक्षात ठेवतो एक गमतीदार संसारकथा म्हणून. हे आपल्याला जमतं कसं?

मी नाशिकची, ख्रिस्ती घरातली. आमच्या घरात बायबल मराठीत वाचलं जातं, भांडणं मराठीत होतात आणि प्रार्थनाही. त्यामुळे 'स्मृतिचित्रे' वाचताना मला जे पुस्तक दिसतं ते या यादीतल्या पुस्तकापेक्षा थोडं वेगळं आहे. माझ्या मते श्रद्धेबद्दल मराठीत लिहिलेल्या सगळ्यांत उपयोगी पुस्तकांपैकी हे एक आहे, आणि त्याचं कारण असं की त्यातली श्रद्धा उपासनेत फार कमी दिसते. ती दिसते पाण्याच्या भांड्यात, ताटात, कुणाच्या हातचं खायचं या प्रश्नात. आपण ती तिथून काढून टाकून वाचतो, तेव्हा शेजारच्या माणसाकडे बघण्याची आपली सवयही तशीच घडत जाते.

मीठ धुणारं घर

पुस्तक सुरू होतं ते नाशिककरांच्या ओळखीच्या मुलखात. लक्ष्मीबाईंचा जन्म १८६८चा, माहेर नाशिकजवळचं जलालपूर, माहेरचं आडनाव गोखले. १८५७च्या धामधुमीत त्यांच्या आजोबांना फाशी झाली. त्या धक्क्यानंतर वडिलांच्या डोक्यात सोवळ्यानं असं काही घर केलं की बाजारातून आलेली प्रत्येक वस्तू धुतल्याशिवाय वापरायची नाही. मीठसुद्धा. आता मीठ धुतल्यावर हाताला काय लागणार? लक्ष्मीबाई हे सगळं हसत हसत सांगतात, वडिलांवर राग काढत नाहीत. पण त्या घरात लहान मुलांना काय सोसावं लागत असेल, ते त्या हसण्याच्या आडून नीट दिसतं.

लेखिकेनं हे पहिल्यांदा का सांगितलं? आठवण जुनी म्हणून आधी आली, एवढंच असेल असं मला वाटत नाही. पुढे जे संकट येतं त्याचं बी इथं आहे. अकराव्या वर्षाच्या आसपास लग्न झालेल्या या मुलीनं धर्म म्हणजे काय ते शिकलं, ते या घरात. धर्म म्हणजे कोणाचा स्पर्श चालतो आणि कोणाचा नाही, कुठलं पाणी पिण्याचं आणि कुठलं टाकून देण्याचं.

त्यामुळे नारायण वामन टिळक १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतात, तेव्हा लक्ष्मीबाईंसमोर उभा राहतो तो प्रश्न 'येशू देवाचा पुत्र आहे का' असा नसतोच. या माणसाच्या घरात मी पाणी कसं पिऊ, असा तो प्रश्न असतो. नातेवाईक त्यांना मुलासह पंढरपूरला नेतात. तिथे त्या काही वर्षं राहतात. नवरा जिवंत आहे, त्याची पत्रं येताहेत, त्याच्यावर जीव आहे, आणि तरी जाता येत नाही. मधे उभी आहे ती कुठली तत्त्वज्ञानातली भिंत नव्हे. मधे आहे एक हंडा.

बाबा पदमनजींच्या 'अरुणोदय'मध्ये किंवा पंडिता रमाबाईंच्या साक्षीमध्ये धर्मांतर हा शोधाचा प्रवास आहे: शंका, वाचन, वादविवाद आणि शेवटी सत्य. त्या कथनांचं शिखर म्हणजे श्रद्धेचा स्वीकार. 'स्मृतिचित्रे'ची बांधणी तशी नाही. अहमदनगरला टिळकांकडे परतल्यावरही लक्ष्मीबाई सोवळं सोडत नाहीत, आपलं पाणी आणि स्वयंपाक सांभाळून राहतात. मग एका टप्प्यावर त्यांच्या मनात विचारांचं काहूर उठतं. जाती देवानं केल्या की माणसानं? उत्तर मिळतं, आणि ते लगेच हातात उतरतं: आता कुणाच्याही हातचं खायचं-प्यायचं. बाप्तिस्मा त्यानंतरचा, १९००चा. आधी पाणी, मग ख्रिस्त. हा क्रम मला या पुस्तकातली सगळ्यांत महत्त्वाची गोष्ट वाटते. देवाबद्दलचं मत बदलण्याआधी माणसाबद्दलचं वागणं बदललं, आणि वागणं बदलल्यावर मत बदलायला फारसं काही उरलंच नाही.

दोन्हीकडून अल्पसंख्य

आणखी एक गोष्ट वाचताना निसटते. नगरच्या त्या काळात लक्ष्मीबाई अल्पसंख्य आहेत, पण ख्रिस्ती म्हणून नव्हे. मिशनच्या लोकांमध्ये, ख्रिस्ती शेजाऱ्यांमध्ये त्या एकट्या हिंदू आहेत. सगळे प्रेमानं वागताहेत, आणि त्या प्रेमानं दिलेलं पाणी ही बाई नाकारते आहे. नाकारताना तिला वाईट वाटतं. तरी नाकारते.

पुढे त्या स्वतः ख्रिस्ती होतात आणि सगळं उलटं फिरतं. आता नाकारलं जातं ते त्यांच्या हातचं. अशा वेळी बहुतेक माणसं कडवट होतात. नव्यानं धर्म स्वीकारलेली तर जास्तच, कारण सोडलेल्या घराला नावं ठेवल्याशिवाय नवं घर आपलं वाटत नाही. लक्ष्मीबाईंच्या लिहिण्यात हा कडवटपणा जवळजवळ नाही. त्याचं श्रेय आपण त्यांच्या स्वभावाला देतो, विनोदबुद्धीला देतो. मला त्याचं कारण याहून साधं वाटतं. नाकारणाऱ्याचं मन त्यांनी आतून पाहिलं आहे. त्याला काय वाटतं, त्याचा हात कुठे अडखळतो, हे त्यांना पाठ आहे. त्यामुळे समोरचा माणूस पाणी घेत नाही तेव्हा त्यांना तो शत्रू दिसत नाही, कालची लक्ष्मीबाई दिसते.

त्या घराचं दारही बघा. बालकवी ठोंबरे नगरला टिळकांच्या घरी राहिले. एका ख्रिस्ती घरात एक ब्राह्मण मुलगा, आणि तो मुलगा ख्रिस्ती झाला नाही. आजच्या वातावरणात ही गोष्ट कानाला चमत्कारिक लागेल, कारण ख्रिस्ती माणसानं कुणावर माया केली की तिच्यामागे हेतू शोधायची सवय आपल्याला लागली आहे. लक्ष्मीबाई ठोंबऱ्यांबद्दल लिहितात ते आईसारखं. त्याच्या लहरी, त्याचं रुसणं, त्याच्या कविता. त्याचा धर्म हा त्या मायेतला मुद्दाच नाही.

टिळकांनीही शेवटी हेच मोठ्या प्रमाणावर करून बघितलं. १९१७ मध्ये मिशनची चाकोरी सोडून त्यांनी 'देवाचा दरबार' उभा करायला घेतला. ख्रिस्ताला मानणाऱ्या कुणालाही, बाप्तिस्मा घेतलेला असो वा नसो, तिथे जागा असणार होती. १९१९ मध्ये टिळक गेले आणि तो प्रयोग वाढला नाही. पण त्यामागची कल्पना टिळकांच्या स्वयंपाकघरात आधीच जगून झालेली होती.

फुलं ठेवली, बाकीचं वगळलं

आता आपल्या वाचनाकडे येऊ. टिळक शाळेत भेटले ते 'फुलामुलांचे कवी' म्हणून. रानातलं फूल, पाखरू, लहान मूल. तुकारामांच्या पुलावरून आपण ख्रिस्तापर्यंत आलो असं मानणारे, शेकडो अभंग ख्रिस्ताला उद्देशून लिहिणारे, 'ख्रिस्तायन' नावाचं महाकाव्य हाती घेणारे टिळक वर्गात भेटले नाहीत. ते मला भेटले रविवारी, 'उपासना संगीत'च्या पानांवर. बराच काळ मला हे दोन वेगळे कवी वाटायचे. 'ख्रिस्तायन' टिळकांच्या हातून पुरं झालं नाही. ते पुढे नेलं लक्ष्मीबाईंनी. त्यांच्या साहित्यिक कामगिरीतली ही गोष्टही क्वचितच सांगितली जाते.

लक्ष्मीबाईंचं इंग्रजीत काय झालं तेही बघण्यासारखं आहे. १९५० मध्ये ई. जोसेफिन इंक्स्टर यांचा अनुवाद आला, त्याचं नाव 'आय फॉलो आफ्टर'. म्हणजे मागे चालणारी. नवऱ्याच्या मागे आणि ख्रिस्ताच्याही. २०१७ मध्ये शांता गोखले यांचा अनुवाद आला. तो मूळ पुस्तकाच्या चालीला जास्त जवळचा, आणि त्याच्या उपशीर्षकात लक्ष्मीबाई आहेत 'अ स्पिरिटेड वाइफ'. जिद्दीची, पाणीदार बायको. एका नावात भक्त, दुसऱ्यात पत्नी. पहिल्यात तिचा खट्याळपणा मावत नाही, दुसऱ्यात तिची श्रद्धा. पुस्तकात मात्र या दोन बायका वेगळ्या करता येत नाहीत. ती नवऱ्याची थट्टा करते त्याच सुरात देवाशी बोलते. प्लेगच्या छावणीत रोग्यांची सेवा करायला जाते तेव्हा ती तिथे एकाच वेळी जिद्दी आहे, घाबरलेली आहे आणि ख्रिस्ती आहे.

यात कुणाचा कट आहे असं मी म्हणत नाही. बहुसंख्य समाज ज्या पद्धतीनं प्रेम करतो, तीच ही पद्धत. तुमच्यातलं जे आमच्यासारखं आहे ते आम्ही उचलून धरू, बाकीचं नजरेआड करू. फुलं चालतील, अभंगाचा साचा चालेल, विनोद तर चालेलच. राहिलेल्या गोष्टीबद्दल कुणी वाईट बोलणार नाही, कारण कुणी बोलणारच नाही.

तळहातावरचा प्रसाद

२०११च्या जनगणनेप्रमाणे महाराष्ट्रात ख्रिस्ती साधारण १० लाख ८० हजार, म्हणजे शंभरात एकही पुरता नाही. बाहेरच्याला यातला फरक कळत नाही: वसईचे कॅथलिक वेगळे, नगर-नाशिक-जालन्याकडचे प्रोटेस्टंट वेगळे, मुंबईतले गोवेकर वेगळे. हिंदी सिनेमानं आम्हाला अँथनी दिला, 'मॅन' म्हणत बोलणारा आणि दारूची बाटली जवळ बाळगणारा. आडनाव साळवे किंवा गायकवाड, नाताळला करंज्या आणि चिवडा, उपासनेला तबला-पेटी, असा ख्रिस्ती त्या सिनेमात नाही. म्हणून मला आयुष्यात सगळ्यांत जास्त वेळा मिळालेली दाद आहे: "तू ख्रिश्चन? पण मराठी किती छान बोलतेस!" म्हणणाऱ्याचा हेतू चांगला असतो. मी हसते.

हा समज किती खोल आहे ते २०१९ मध्ये सगळ्यांनी पाहिलं. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांची उस्मानाबादच्या साहित्य संमेलनासाठी अध्यक्ष म्हणून निवड झाली आणि धर्मगुरू कसा चालेल, असा विरोध सुरू झाला. अनेक वर्षं मराठीत लिहिणारा, संपूर्ण बायबल 'सुबोध बायबल' म्हणून आजच्या मराठीत आणणारा आणि त्यासाठी साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळवणारा हा माणूस. संमेलन जानेवारी २०२० मध्ये झालं, त्यांनी भाषण केलं, लोकांनी ऐकलं. पण परीक्षा द्यावी लागली ती त्यांनाच.

मोठ्या बातम्या क्वचित येतात. रोजच्या गोष्टी बारीक असतात. इमारतीतल्या गणपतीची वर्गणी मी आनंदानं देते. आरतीला उभी राहते, टाळ्याही वाजवते. मग प्रसाद येतो. हात पुढे करायचा की नाही? आमच्याच मंडळीत यावर एकमत नाही. एक मावशी म्हणतात, मूर्तीपुढं ठेवलेलं खाऊ नये. दुसऱ्या म्हणतात, शेजारणीनं प्रेमानं दिलंय, घे. हा वाद नवा नाही. पौलानं करिंथकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्रात याच प्रश्नाला जवळजवळ एक अख्खा अध्याय दिला आहे. मूर्ती काहीच नाही हे तुला ठाऊक असलं, तरी तुझ्या खाण्यानं दुर्बळ भावाला ठेच लागत असेल तर जपून, असा त्याचा सूर आहे.

आणि मग रविवार. आमचा उपासनेचा दिवस, आणि स्पर्धा परीक्षांचाही. एकदा मी उपासना सोडून परीक्षेला गेले, एकदा परीक्षा सोडली. दोन्ही वेळा कुणी मला अडवलं नव्हतं. अल्पसंख्य असण्याचा रोजचा अनुभव बहुधा असाच असतो. छळ म्हणावा असं काही घडत नाही. फक्त प्रत्येक छोट्या गोष्टीत ठरवावं लागतं, आणि इतरांना ते ठरवावं लागत नाही.

अशा वेळी मला लक्ष्मीबाई उपयोगी पडतात. त्या नियम देत नाहीत. प्रसाद घे किंवा घेऊ नको, असं त्यांच्याकडे उत्तर नाही. त्यांच्याकडे आहे ती एक कसोटी: माझ्या या वागण्यानं समोरच्या माणसाशी असलेलं अंतर वाढतं की कमी होतं? वडिलांच्या घरात अंतर राखणं हाच धर्म होता. त्यांनी तो धर्म सोडला तो अंतर कमी करण्यासाठी. तेव्हा ख्रिस्ताच्या नावानं मी पुन्हा तेच सोवळं पाळायला लागले, तर मीठ धुणाऱ्या घरात परत गेल्यासारखंच झालं. ही कसोटी आमच्या मंडळीतल्या काहींना पटणार नाही. पुस्तक मला तिथंच नेतं.

पुस्तकात नसलेलं पाणी

पण एवढ्यावर थांबले तर ते लक्ष्मीबाईंच्या प्रेमात पडून केलेलं वाचन होईल. या पुस्तकाची एक मर्यादा आहे आणि आमच्यासारख्या वाचकांनी तरी ती बोलून दाखवली पाहिजे.

लक्ष्मीबाईंसाठी पाणी हा सोडण्याचा प्रश्न होता. आपण काय पाळायचं आणि काय टाकायचं, हे ठरवणं त्यांच्या हातात होतं. अहमदनगर आणि आसपासच्या गावांतले जे हजारो लोक ख्रिस्ती झाले, ते बहुतेक महार आणि मांग समाजांतले. त्यांना पाणी कधी सोडायचं नव्हतंच, कारण ते मिळतच नव्हतं. लक्ष्मीबाई त्यांच्या हातचं पाणी पितात ती त्यांची मोठी नैतिक झेप आहे. पण ते पाणी देणाऱ्या बाईला त्या क्षणी काय वाटलं? पुस्तक ते सांगत नाही. ती बाई पुस्तकात येते ती लक्ष्मीबाईंच्या बदलाची साक्षीदार म्हणून.

'स्मृतिचित्रे' ज्या वर्षांत छापून येत होतं ती वर्षं आणि तो जिल्हा लक्षात घ्या. १९२७ मध्ये महाडचं चवदार तळं झालं होतं. २ मार्च १९३० रोजी नाशिकमध्ये काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला आणि काही वर्षं चालला. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी याच जिल्ह्यातल्या येवल्यात बाबासाहेब आंबेडकरांनी जाहीर केलं की हिंदू म्हणून आपण मरणार नाही. त्यानंतर चारच महिन्यांनी, २४ फेब्रुवारी १९३६ रोजी, लक्ष्मीबाई नाशिकमध्ये वारल्या. पाणी, स्पर्श आणि धर्मांतर हे तिन्ही प्रश्न एकाच जिल्ह्यात एकाच काळात पेटलेले होते. त्यातली एक गोष्ट आत्मचरित्रांच्या यादीत गेली, दुसरी चळवळीच्या इतिहासात. दोन्ही एकत्र वाचायची सवय आपण लावून घेतली नाही.

आणि दलित ख्रिस्ती या दोन्हींच्या मधे राहिला. १९५०च्या राष्ट्रपतींच्या आदेशानं अनुसूचित जातींचा दर्जा फक्त हिंदूंना ठेवला. १९५६ मध्ये त्यात शीख आले, १९९० मध्ये बौद्ध. ख्रिस्ती आले नाहीत. म्हणजे कायद्याच्या लेखी बाप्तिस्म्याच्या पाण्यानं जात धुतली जाते. गावात ती धुतली गेली नाही, आणि खरं सांगायचं तर काही चर्चमध्येही लग्न जमवताना ती निघतेच. या माणसाचं 'स्मृतिचित्रे' मराठी साहित्याच्या मुख्य यादीत अजून नाही. आपल्या यादीतली ख्रिस्ती माणसं बहुतेक वेळा 'मोठ्या घरातून' आलेली असतात, कारण त्यांच्या धर्मांतरानं समाजाला धक्का बसला होता. ज्यांच्या धर्मांतरानं कुणाला धक्का बसला नाही, त्यांची गोष्ट कुणी मागितली नाही.

यामुळे 'स्मृतिचित्रे' लहान ठरत नाही. उलट, हा प्रश्न विचारायची भाषा मला त्याच पुस्तकानं दिली. पाण्याच्या भांड्याकडे बघायला लक्ष्मीबाईंनी शिकवलं म्हणूनच भांडं देणारा हात दिसतो.

तुम्ही 'स्मृतिचित्रे' वाचलं नसेल तर वाचा. भाषा अजिबात अडवणार नाही, फोनवरसुद्धा एका बैठकीत पन्नास पानं सहज होतील. वाचलं असेल तर पंढरपूर आणि नगरचा भाग पुन्हा काढा आणि एवढंच करा: हसू येईल तिथे हसा, पण प्रत्येक वेळी पाणी कुणी भरलं, कुणी दिलं आणि कुणी प्यायलं, ते बघत चला.